गाडीखालचा आणि गाडीमागचा

बैलगाडीच्या काळी कुत्रा गाडीखालून चालत असे. आमच्या भंडाऱ्याकडच्या उन्हात ही त्याची सोय मोठी शहाणपणाची होती. वर धानाची पोती, पुढे बैलांचे पाय, मागे धूळ आणि मधोमध गाडीएवढी हलती सावली. त्या सावलीत मान खाली घालून तो कोसच्या कोस चाले. त्याच्या या प्रवासावर आपल्या लोकांनी एक म्हणही करून ठेवली. गाड्याखालच्या कुत्र्याला वाटते, गाडा आपणच ओढतो! खरे म्हणजे ही म्हण कुत्र्यासाठी नव्हतीच. ती घरातल्या, गावातल्या आणि क्वचित कचेरीतल्या काही माणसांसाठी होती. नाव मात्र विनाकारण कुत्र्याचे झाले.

पुढे बैलगाड्या मागे पडल्या आणि मोटारी आल्या. मोटारीखालून चालण्याची सोय नाही. म्हणून कुत्रा तिच्यामागून धावू लागला. हे दृश्य कोणी पाहिले नाही? मोटार येते, कुत्रा जीव तोडून भुंकत तिच्या चाकाला लागतो, पंचवीस-तीस पावले धावतो आणि थांबतो. मोटार आपल्या वाटेने निघून जाते. मग तो शेपटी उंच धरून परततो. त्या वेळी त्याच्या चालीकडे नीट पाहावे. लढाई जिंकून आलेला सरदारही इतक्या डौलाने चालत नसेल. पूर्वी त्याला वाटे, गाडा मी ओढला. आता त्याला वाटते, गाडी मी पळवली. गाडी बदलली, हिशेब तोच राहिला.

या हिशेबाचा विचार मी इतक्या बारकाईने करू लागलो, त्याला कारण आमचा वाघ्या.

होळीच्या सुमारास आमच्या शाळेमागे, खिचडी शिजवण्याच्या खोलीच्या आडोशाला एका पिवळट कुत्रीने चार पिल्ले दिली. त्यांतले एक महामार्गावरच्या चहाच्या टपरीवर गेले, एक तलावाकाठच्या मासेमारांकडे गेले, एक आईच्या मागेमागे कोठेतरी निघून गेले आणि चौथे माझ्या धाकट्या मुलीच्या दप्तरातून आमच्या घरी आले. वह्या बाहेर काढून शाळेतच ठेवल्या होत्या. त्याचे नाव वाघ्या ठेवायचे हे तिने वाटेतच ठरवून टाकले होते. नाव शोभावे असे त्याच्यात काही नव्हते. पहिले आठ दिवस तो कोंबडीला पाहून माझ्या पायांमागे लपत असे. परंतु चौथा महिना लागला, पहिला पाऊस पडला आणि स्वारीला पाय फुटले. आधी तो सायकलीमागे धावला, मग फटफटीमागे, मग ई-रिक्षामागे. बढतीचा हा क्रम असाच चालू राहिला असता तर पुढची पायरी मालमोटारीची होती.

आणि मालमोटारींना आमच्याकडे तोटा नाही. साकोली हे रस्त्यावर बसलेले गाव आहे. नागपूरहून रायपूरकडे जाणारा इंग्रजी अमदानीतला ग्रेट ईस्टर्न रोड येथूनच जातो. पुढे त्याला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 6 म्हणू लागले आणि 2010 च्या नव्या क्रमवारीत तो 53 झाला. गुजरातेतल्या हजिऱ्यापासून ओडिशातल्या पारादीपपर्यंत जाणारा हा रस्ता. एका समुद्राचा माल दुसऱ्या समुद्राकडे जाताना आमच्या दारावरून जातो. नदीकाठच्या माणसाला रात्री अंथरुणात पाण्याचा आवाज ऐकू येतो, तसा आम्हाला चाकांचा येतो. ताशी साठ किलोमीटर वेगाने निघालेली मोटार एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर पुढे जाते. आपण ‘अरे, वाघ्या’ म्हणेपर्यंत ती आमचे अंगण, शेजाऱ्यांचे अंगण आणि मधली गल्ली ओलांडून गेलेली असते.

शिवाय प्रश्न एकट्या कुत्र्याच्या जिवाचा नसतो. गेल्या वर्षीच्या मंडईच्या दिवसांतली गोष्ट. भाऊबीज झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, रात्रभर नाटके होतात आणि त्या दिवसांत रस्त्यावर कुटुंबेच्या कुटुंबे फटफटीवरून ये-जा करीत असतात. असेच एक जोडपे लाखांदूरच्या रस्त्याने येत होते. मांडीवर वर्षाचे मूल. कोणाचे तरी कुत्रे भुंकत आडवे धावले आणि गाडी घसरली. बाईने मूल छातीशी धरून पाठ जमिनीला दिली. मुलाला ओरखडाही उठला नाही. तिचा हात मात्र मोडला. कुत्रे कधीच पसार झाले होते. दिव्याच्या उजेडात ती बाई मुलाची बोटे एकेक करून मोजीत होती, ते मला अजून दिसते. त्यामुळे वाघ्या प्रथम फटफटीमागे धावला तेव्हा घरातल्या मुलांना हसू आले, पण मला आले नाही.

गावात सल्ल्याला पैसे पडत नाहीत. एक म्हणाले, मोटारीत बसून जा आणि तो मागे लागला की अंगावर बादलीभर पाणी ओता. दुसरे म्हणाले, दगडगोटे भरलेला डबा फेकून मारा. तिसऱ्यांनी सरळ काठीच दाखवली. शेजारच्या काकूंचे म्हणणे, दिवसभर खुंटीला बांधून ठेवावे म्हणजे आपोआप विसरेल. आमच्या आईचा उपाय सर्वांत जुना होता.

“लोढना बांध ना बापू त्याच्या गळ्यात. आमच्या वेळी पळपुट्या गोऱ्ह्याले लोढनाच बांधत.”

लोढणे म्हणजे ओढाळ गुराच्या गळ्यात अडकवायचा लाकडाचा ओंडका. गुरू पळू लागले की तो पुढच्या पायांवर आपटतो. आता संसाराला, कर्जाला किंवा नकोशा पाहुण्याला आपण लोढणे म्हणतो, परंतु खरे लोढणे आईने पाहिलेले आहे. मी तिला विचारले, “गळ्यात ओंडका असताना समोरून मोटार आली, तर त्याने बाजूला तरी कसे व्हायचे?” आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “हेबी खरंच आहे. गोऱ्हा वावरात पळे. तिथं मोटार कुठं होती?”

बाकीच्या उपायांचीही गत अशीच होती. दिवसभर बांधलेला कुत्रा धावणे विसरत नाही, तो धावण्याची उधारी साठवून ठेवतो. काठीने मार बसतो, पण तो का बसला हे त्याला कळत नाही. मोटार दिसली की पाठीत कळ येते, एवढेच तो शिकतो. मग मोटारीवरचा त्याचा राग वाढतो, नाहीतर धन्याची भीती तरी. आणि ओरडण्याचा उपयोग तर याहून कमी. आपण ओरडतो तेव्हा त्याला वाटते, मालकही भुंकू लागले! आपण त्याच्यामागे धावलो तर त्याला वाटते, मालकही मोहिमेवर निघाले! कुत्र्यामागे धावून ज्यांचे साधले ते एक नामदेव महाराज. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावले, कोरडी पोळी खाऊ नकोस म्हणून. ती कथा आपण मुलांना भूतदयेसाठी सांगतो. परंतु तिच्यातली दुसरी गोष्ट माझ्या फार उशिरा ध्यानात आली. नामदेवांच्या हातात काठी नव्हती, तूप होते.

ती ध्यानात आणून दिली आमच्या जनावरांच्या डॉक्टरांनी. रेबीजची लस टोचून घ्यायला मी वाघ्याला त्यांच्याकडे नेले होते, तेव्हा हा विषय निघाला. ते म्हणाले, “गुरुजी, हे काम तो फुकट करीत नाही. त्याला पगार मिळतो. पगार कोण देतो ते आधी शोधा.”

मी म्हटले, “आमच्या घरातून तर कोणी देत नाही.”

“मोटार देते,” डॉक्टर म्हणाले. “तो भुंकतो आणि ती जाते. ती जाणारच होती, हे तुम्हाला माहीत आहे, त्याला नाही. पोस्टमनवर कुत्री का भुंकतात? पोस्टमन रोज येतो आणि कुत्रा भुंकला की रोज निघून जातो. इतका नेमाने पगार देणारा मालक कोणत्या नोकराला मिळतो?”

मला एकदम गाड्याखालच्या कुत्र्याची म्हण आठवली. आपले लोक ज्याला गर्व म्हणून हसले, ते त्या जनावराचे शिक्षण होते. चुकीचे, पण पक्के. प्रत्येक मोटार जाताना त्याला एक शाबासकी देऊन जाते आणि अशा शंभर शाबासक्या मिळालेल्या विद्यार्थ्याला ‘तुझे चुकले’ हे पटवणारा मास्तर अजून जन्माला यायचा आहे. म्हणजे पहिली गोष्ट ही, की त्याला तो खोटा विजय मिळूच द्यायचा नाही. दुसरी गोष्ट, त्याच क्षणी त्याला दुसरीकडून खरा पगार द्यायचा. डॉक्टरांनी आणखीही काही सांगितले. कुत्र्याचा डोळा रंगांपेक्षा हालचाल टिपण्यासाठी घडलेला असतो. निळे-पिवळे त्याला दिसते, पण तांबडे आणि हिरवे यांतला भेद नीट कळत नाही. तांबड्या मालमोटारीचा तांबडेपणा त्याच्या लेखी काहीच नाही, तिचे पळणे तेवढे आहे. पळणाऱ्या वस्तूमागे जाणे हे त्याच्या पूर्वजांचे पोट होते. आमच्या नागझिऱ्याच्या जंगलात त्याचे दूरचे भाऊबंद, रानकुत्री, अजून त्याच धंद्यावर जगतात. ती कळपाने चितळामागे लागतात आणि पळताना भुंकत नाहीत, एकमेकांना शीळ घालतात. वाघ्याच्या अंगात तो धंदा उरला आहे, पोट मात्र आमच्या स्वयंपाकघरातून भरते.

हे सर्व ऐकून मी घरी आलो आणि ‘पावसाळा उघडला की सुरुवात करू’ असे मनाशी म्हणालो. पोळ्याच्या दोन दिवस आधी चहाच्या टपरीवरचा गडी शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, “गुर्जी, तुमच्यावाल्याले जपा जी. माह्यावाला गेला.” रेतीच्या टिप्परमागे धावला होता. एका टिप्परमागे दुसरा असतो, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. तो वाघ्याचा सख्खा भाऊ. त्याच्याही उजव्या कानावर तसाच पांढरा ठिपका होता. त्या संध्याकाळी भर पावसात छत्री घेऊन मी वाघ्याला तलावाच्या पाळीवर नेले.

पाळीवर नेण्याचे कारण अंतर. तेथून महामार्ग सुमारे दोनशे पावलांवर आहे आणि मालमोटारी आगपेट्यांएवढ्या दिसतात. गळ्यातल्या पट्ट्याने ओढ बसली की कुत्रा आणखी जोर करतो, म्हणून छातीभोवती बसणारा पट्टा घेतला. दोरी चार हातांची. खिशात उकडलेल्या कलेजीचे तुकडे, हरभऱ्याच्या दाण्याएवढे. भाकरीचा तुकडा घेऊन मी पहिल्या दिवशी गेलो होतो, पण वाघ्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मीच ओशाळलो. मालमोटारीपुढे भाकरी ही मजुरी फार थोडी होती.

रीत साधी आहे. मोटार दिसावी, कुत्र्याने ती पाहावी आणि लगेच त्याला तुकडा मिळावा. क्रम मात्र चुकता कामा नये. रशियाच्या पाव्हलॉव्हचे नाव पुष्कळांनी ऐकलेले असते. पचनक्रियेवरील संशोधनासाठी त्याला 1904 साली नोबेल पारितोषिक मिळाले आणि कुत्र्यांच्या तोंडाला पाणी सुटवण्याच्या त्याच्या प्रयोगांनी तो अमर झाला. त्याच्याकडे खूण आधी होई आणि अन्न मागून येई. आधी अन्न आणि मागून खूण असा प्रकार केला तर कुत्रा काहीच शिकत नाही. आमच्याकडे खुणेच्या जागी मोटार होती. आधी मोटार, मग कलेजी. हजिऱ्याहून निघालेला माल पारादीपला पोचेल तेव्हा पोचो, वाटेत साकोलीच्या एका कुत्र्याला तो रोज कलेजी देऊन जाऊ लागला.

काही खुणा मलाही शिकाव्या लागल्या. वाघ्याचे कान पुढे झाले, तोंड मिटले, शेपटी ताठ झाली आणि एक पाय वर उचलला गेला, की तो माझा राहिलेला नसे. अशा वेळी नाकाशी कलेजी धरली तरी त्याला वास येत नाही. त्याचा अर्थ, आपण फार जवळ आलो. तेथे रागावण्याचे कारण नाही. मुकाट्याने त्याच्यासह वळावे आणि तो पुन्हा खाऊ लागेल तेथपर्यंत मागे जावे. आम्ही दोनशे पावलांवरून दीडशेवर आलो, दीडशेवरून पुन्हा एकशेऐंशीवर गेलो, मग शंभरावर आलो. धानाच्या बांध्यांतले रोप गुडघ्याला लागत होते तेव्हा सुरुवात केली होती. लोंबी भरून वाकली तेव्हा आम्ही चाळीस पावलांवर उभे होतो. या काळात माझ्या सदऱ्याच्या खिशाला कलेजीचा वास कायमचा बसला. सौ.ने तो सदरा घरातल्या कपड्यांत टाकण्यास बंदी केली आणि वर्गात एक मुलगा दुसऱ्याला हळूच म्हणाला, “आज गुर्जींच्या घरी कोंबडा होता वाटते.”

त्या वर्गातच मला एक गोष्ट नव्याने दिसू लागली. आमच्या वर्गाच्या खिडकीतून रस्ता दिसतो. मोठे वाहन गेले की मागच्या बाकावरच्या एका मुलाची मान वळते. ती मान मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. मुले बदलतात, मान तीच असते. ‘इकडे लक्ष दे’ असे आपण सांगतो, जणू लक्ष ही फुकट देण्याची वस्तू आहे. तेवढ्यात इकडे काय चालले आहे, याचा विचार करायचा तो आपण. अपूर्णांकांत मालमोटारीपेक्षा जास्त काही आहे हे त्या मुलाला दाखवणे माझे काम आहे आणि अपूर्णांकांची कलेजी कोठे मिळते, याचा शोध अजून चालू आहे.

भाद्रपद संपता संपता एका संध्याकाळी ते झाले. चाळीस पावलांवरून एक बारा चाकी गाडी गर्जत गेली. वाघ्याने तिच्याकडे पाहिले. कान पुढे झाले. मी काहीच बोललो नाही. मग त्याने मान वळवली आणि माझ्या तोंडाकडे पाहिले. इतकेच! त्या नजरेत विजय नव्हता, विचारणा होती, ‘ती आली, आता?’ मी खिशातले होते तेवढे सगळे तुकडे त्याच्यापुढे टाकले.

एवढ्यावरून तो शहाणा झाला असे मी म्हणणार नाही. महामार्गाजवळ मी त्याची दोरी आजही सोडत नाही आणि पुढेही सोडणार नाही. शिकवलेले टिकते, पण पूर्वजांचे पायही टिकतात. त्याला धावायचे असते तेव्हा तलावापलीकडच्या मोकळ्या माळावर मी चेंडू फेकतो. चेंडूही पळतो. फरक एवढाच, की तो रेती वाहत नाही.

या फिरण्यात मला नेहमी वाटे, वाघ्याला शिकवता आले; खऱ्या वाघाला कोण शिकवणार? डिसेंबर 2013 मध्ये नवेगाव आणि नागझिरा मिळून व्याघ्रप्रकल्प झाला आणि हाच महामार्ग त्या दोन जंगलांच्या मधून जातो. ऑगस्ट 2023 मध्ये गोंदिया-कोहमारा रस्त्यावर, मुरदोलीच्या जंगलात मोटारीची धडक बसून एक तरुण वाघ मेला. तो कोणामागे धावत नव्हता, आपल्याच घरातून आपल्याच घरात चालला होता. त्याच्यासमोर कलेजी घेऊन उभे राहणारे कोणी नाही. म्हणून तेथे शिकायचे ते रस्त्याने. नागपूर-शिवनी मार्गावर पेंचच्या जंगलात रस्ता उंच उचलून खालून जनावरांसाठी वाटा ठेवल्या आहेत आणि त्या वाटांनी वाघ जातात, याची छायाचित्रे कॅमेऱ्यांनी टिपली आहेत. वर मोटार, खाली वाघ. ज्याला रस्ता म्हणजे काय हे कळते, त्याने ज्याला ते कळत नाही त्याची सोय करायची, हा त्यातला न्याय मला पटतो. वाघाच्या बाबतीत ते काम सरकारचे आहे. वाघ्याच्या बाबतीत ते माझे.

आता दिवाळी आली. फटाक्यांच्या दिवसांत आम्ही फिरायची वेळ बदलली आहे. अंधार पडण्यापूर्वीच जाऊन येतो. भाऊबीज झाली की मंडईची वाहने सुरू होतील, रस्त्यावर रात्रभर उजेड धावेल आणि पुढे बसलेली, मागे बसलेली, मांडीवर निजलेली मुले घेऊन माणसे नाटकांना जातील. एकेक दिवा जवळ येईल तसा वाघ्या माझ्याकडे पाहील. त्याची ही सवय मी लावली आहे. तेव्हा प्रत्येक वेळी माझ्या खिशात काहीतरी असलेच पाहिजे. सदरा बदलताना मी हल्ली आधी चष्मा नव्हे, खिसा तपासतो.